‘कॉन्स्टन्सी’च्या इतिहासातली एक ओळ

‘कॉन्स्टन्सी’ ही विमानवाहू नौका तशी कमनशिबीच. इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी १९४२ साली तिचा सांगाडा उभा राहिला, आणि बांधून, रंगवून, तोफा बसवून ती समुद्रात उतरली तेव्हा जपानने हात वर करून चार दिवस झाले होते. लग्न लागून गेल्यावर मांडवात पोचलेल्या पाहुण्यासारखी तिची गत. मग तिला हाँगकाँगहून सुटलेले युद्धकैदी घरी पोचवायला लावलं, पुढे माल्टाच्या आसपास फिरवलं, आणि शेवटी १९५१ साली कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठवलं. खरं युद्ध तिने तेवढंच पाहिलं, आठ महिने. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या एका धक्क्यावर तिला मोडीत काढलं.

हे सगळं विल्फ टॅप्सेलला तोंडपाठ होतं. ‘कॉन्स्टन्सी’वर काम केलेल्यांची जी संघटना होती तिचा तो वीस वर्षं सचिव. वार्षिक जेवणाची पत्रं धाडायची, मेलेल्यांची नावं यादीतून काढायची, बोटीच्या इतिहासाची पुस्तिका छापून घ्यायची, ही त्याची कामं. पहिली आवृत्ती त्याने १९७९ मध्ये काढली होती. आता १९९८ च्या मार्चमध्ये दुसरीचा मजकूर सोमवारी छापखान्यात द्यायचा होता, आणि गॉस्पोर्टच्या घरात जेवणाच्या टेबलावर टाइपरायटर मांडून तो तीन दिवस एकाच तारखेपाशी अडून बसला होता. १८ मार्च १९५२.

जुन्या पुस्तिकेत त्या तारखेपुढे एकच ओळ होती. ‘लेफ्टनंट जे. हॅलम यांनी उतरताना इंजिन बंद करण्याची खूण मिळाल्यावरही ते पुन्हा चालू केल्याने विमान अटकाव-जाळीवरून उडून पुढे उभ्या विमानांवर आदळले, वैमानिक ठार.’ चौकशी मंडळाचा निष्कर्ष जसाच्या तसा. ओळ विल्फनेच टाइप केली होती, याच टेबलावर.

टाइपरायटरशेजारी एक पत्र पडलं होतं. अक्षर एका बाईचं, सरळ, शाळामास्तरणीचं.

‘तुमच्या संघटनेची जुनी पुस्तिका मी वाचनालयात पुन्हा वाचली. जेरोम हॅलम माझा थोरला भाऊ. खूण मिळाल्यावर इंजिनाला हात लावायचा नाही, हा नियम तो नव्या वैमानिकांना शिकवत असे. तोच तो मोडेल हे मला आजही पटत नाही. आमचे वडील आरमारात कॅप्टन होते. निष्कर्ष वाचल्यावर त्यांनी जेरोमचा फोटो दिवाणखान्यातून काढून माळ्यावर ठेवला. हुकूम मोडून मेलेल्या मुलाचा फोटो भिंतीवर नको, एवढंच ते म्हणाले. नवी आवृत्ती निघते आहे असं ऐकलं. त्या दिवशी डेकवर असलेलं कोणी हयात असेल तर मला भेटायचं आहे. शनिवारच्या जेवणाला येऊ का? – ऑड्री हॅलम.’

विल्फने ‘या’ म्हणून कळवलं होतं. नको कसं कळवणार?

“काय झालंय तुला?” मेव्हिसने, त्याच्या बायकोने, चहाचा मग टेबलावर ठेवत विचारलं. “तीन दिवस झाले, एक ओळ पुढे सरकत नाही. पुस्तिका लिहितोयस की बायबल?”

“तारखा जुळत नाहीयेत.”

“तुझ्या? तारखा?” ती हसली. “लग्नाचा वाढदिवस विसरशील, पण ती बोट कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात होती ते झोपेत सांगशील.”

शेहेचाळीस वर्षांत जे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते असं होतं.

त्या काळी आरमारात रोज दुपारी प्रत्येक खलाशाला रमचा पेला मिळायचा, दुप्पट पाणी घातलेला. हा सरकारी शिरस्ता. पण खलाशांचा स्वतःचा शिरस्ता वेगळा होता. कोणी कामात मदत केली, रात्रपाळी बदलून दिली, की त्याला आपल्या पेल्यातून घोट द्यायचा. पेला दुसऱ्याला देणं नियमाने गुन्हा होता, आणि गुन्हा करत नाही असा एकही खलाशी आरमारात नव्हता. ज्याचा वाढदिवस असेल त्याला तर खोलीतला प्रत्येक जण घोट द्यायचा. तो नाकारला तर देणाऱ्याचा अपमान. हे असं शेकडो वर्षं चाललेलं.

१८ मार्चला विल्फ बावीस वर्षांचा झाला. त्यांच्या खोलीत तेराजण आणि तो चौदावा. त्याने स्वतःचा पेला घेतला आणि मग तेराजणांचे घोट. काहींनी घोट म्हणून अर्धा पेलाच पुढे केला. लेन ब्रॅडिंगने, जो त्यांच्या खोलीचा प्रमुख होता आणि ज्याच्यावर विल्फचा भावासारखा जीव होता, आपला अख्खा पेला त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, “एकदाच येतो लेका वर्षातून. आई असती तर तिने केक केला असता, इथे मीच तुझी आई.” सगळे खो खो हसले. विल्फ पायांवर उभा होता, बोलत होता, जीभ अडखळत नव्हती. त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

चार वाजता तो डेकच्या कडेला असलेल्या अरुंद सज्ज्यात आपल्या जागी गेला. अटकाव-जाळीचा दांडा त्याच्या ताब्यात होता. विमान उतरताना त्याच्या शेपटीचा आकडा डेकवर ताणलेल्या दोरांपैकी एकात अडकतो आणि विमान थांबतं. कधी आकडा उसळतो आणि सगळे दोर चुकतात. त्यासाठी पुढे जाळी असते. विमान तिच्यात घुसतं, पंखा मोडतो, वैमानिक शिव्या देत बाहेर येतो. थांबलेलं विमान पुढे जाऊ द्यायला जाळी खाली घ्यायची, ते गेलं की लगेच वर करायची, कारण अर्ध्या मिनिटात दुसरं येतं. काम एवढंच. एक दांडा, खाली आणि वर.

त्या संध्याकाळी पहिलं विमान थांबलं, आकडा सुटला, विल्फने जाळी खाली घेतली, विमान तिच्यावरून पुढे गेलं. मग त्याने दांडा ओढला. म्हणजे ओढला असं त्याला वाटलं. आजही डोळे मिटले की ओढलेला दांडा त्याला हातात जाणवायचा, आणि तरीही तो ओढलेला नव्हता. रम माणसाला पाडते हे सगळ्यांना माहीत असतं. न केलेलं काम केल्याची खात्री ती पटवून देते, हे कोणी सांगत नाही. शेजारी उभ्या असलेल्या लेनचं काम जाळी बघायचं होतं, पण मावळता सूर्य डोळ्यांवर येत होता, मागच्या दोन विमानांतलं पेट्रोल तळाला गेलं होतं, आणि लेनसकट सगळ्यांची नजर डेकच्या मागच्या टोकाला लागलेली होती.

हॅलमचं विमान टेकलं, उसळलं, दोर चुकले, आणि डेकवर सपाट पडलेल्या जाळीवरून सरळ पुढे गेलं. पुढे पाच विमानं उभी होती.

आग भडकली. ज्या दोन-तीन सेकंदांत सगळी बोट पुढे बघत होती, तेवढ्यात लेनने विल्फला कोपराने बाजूला ढकललं आणि दांडा ओढला. धूर निवळला तेव्हा जाळी ताठ उभी होती, एक तार तुटलेली नव्हती. आता जाळी उभी आहे, धड आहे आणि विमान तिच्या पलीकडे आहे, तर ते वरूनच गेलं असणार. वरून गेलं म्हणजे वैमानिकाने इंजिन पुन्हा चालू केलं असणार. खूण देणारा अधिकारी जिवाच्या भीतीने डेकच्या कडेला माणसांसाठी लावलेल्या सुरक्षा-जाळ्यात उडी मारून बसला होता, त्याने काहीच पाहिलं नव्हतं. मंडळाने विल्फला एकच प्रश्न विचारला. “जाळी वर होती?”

“होती, सर,” विल्फ म्हणाला.

खोलीतल्या बाराजणांना संशय आला होता. कोणी तो तोंडावर आणला नाही. घोट सगळ्यांनीच दिले होते.

शुक्रवारी सकाळी विल्फ फेरीने पोर्टस्मथला गेला आणि तिथून बसने साउथसीला, लेनकडे. चौदांपैकी आता ते दोघेच उरले होते. लेन बहात्तर वर्षांचा, गुडघे गेलेला, पण आवाज तोच, डेकच्या एका टोकाचा दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा.

त्याने पत्र वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

“मग? जेवू घाल तिला. भाऊ शूर होता म्हण. होताच की तो.”

“लेन, मी ओळ बदलणार आहे.”

“कुठली ओळ?”

“तुला माहीत आहे कुठली.”

लेनने खिडकीकडे तोंड फिरवलं.

“विल्फ, तू फार भला माणूस आहेस, म्हणून मला तुझा नेहमी वैताग येतो,” तो म्हणाला. “बाराजण मातीत गेले. प्रत्येकाच्या घरी बायको आहे, पोरं आहेत, भिंतीवर टोपी घातलेला फोटो आहे. त्यांना काय सांगणार? तुमच्या बापाने दारू पाजून एक वैमानिक मारला?”

“तिच्या भिंतीवर फोटो नाहीये.”

“तो बापाचा दोष. मी सांगितलं होतं का त्याला फोटो उतरवायला?”

“मी सांगितलं. ‘होती, सर’ म्हणून सांगितलं.”

“आणि दांडा कोणी ओढला?” लेनचा आवाज चढला. “ते विसरलास? तुझ्यासाठी ओढला मी. तुला लष्करी तुरुंगात खडी फोडायला लागू नये म्हणून. शेहेचाळीस वर्षं मीसुद्धा ते पोटात घातलंय, आणि तू आता स्वतःचं पोट हलकं करायला निघालास. माझं नाव टाकणार आहेस का त्या पुस्तिकेत?”

लेनने विल्फला वाचवलं होतं हे खरं, आणि त्या वाचवण्याने दुसऱ्याच कोणाचा तरी बळी गेला होता हेही खरं. दोन्ही एकदम तोंडातून निघत नव्हतं.

“तुझं नाव नाही टाकणार,” विल्फ म्हणाला.

“मग गप्प बस आणि चहा घे. दूध तूच घाल, माझा हात थरथरतो.”

शनिवारी जेवण नेहमीप्रमाणे पोर्टस्मथच्या खलाशी क्लबात होतं. बावीस म्हातारे आले होते, छातीवर पदकं, दोघे चाकांच्या खुर्चीत. गोमांसाचा रोस्ट, उकडलेले बटाटे, लोणच्यातले कांदे आणि वाटाण्याचं पिठलं हा दरवर्षीचाच बेत, आणि तो दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा वाईट असतो असं म्हणायचा रिवाज होता. भिंतीकडच्या टेबलावर विल्फने नव्या पुस्तिकेची कच्ची पानं मांडली होती. सगळ्यांनी जेवणाआधी ती चाळायची, नावांच्या चुका दाखवायच्या, ही पद्धत. १८ मार्चपुढे जुनीच ओळ होती. रात्री त्याने तीच टाइप केली होती, कारण दुसरी टाइप करायला हात धजला नव्हता.

ऑड्री हॅलम साठी उलटलेली, उंच, राखाडी कोटातली बाई होती. ती आली, पानं उचलली, उभ्या उभ्या ती ओळ वाचली आणि पान खाली ठेवलं.

“मिस्टर टॅप्सेल तुम्हीच ना? ओळ तीच आहे म्हणजे.”

“तुम्ही बसा ना,” विल्फ म्हणाला.

“मी भांडायला आले नाही. मला फक्त कोणी पाहिलं असेल तर त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.”

विल्फने आजूबाजूला पाहिलं. लेन दोन खुर्च्या सोडून बसला होता आणि त्याच्याकडेच बघत होता. आज नाही बोललो तर सोमवारी ती ओळ पुन्हा छापली जाईल, आणि तिसरी आवृत्ती काढायला आपण काही असणार नाही, एवढंच विल्फच्या डोक्यात होतं.

“जाळी खाली होती,” तो म्हणाला. “दांडा माझ्याकडे होता. माझा वाढदिवस होता, मला सगळ्यांनी रम पाजली होती आणि मी प्यायलो होतो. जाळी वर करायची राहिली. तुमच्या भावाची काही चूक नव्हती. मी मंडळासमोर खोटं बोललो.”

आसपासच्या चार टेबलांवरून माना वळल्या.

मग लेन हसला. मोठ्याने नाही, मायेने हसल्यासारखा.

“मॅडम, याचं मनावर घेऊ नका. आमचा विल्फ हा असाच. कोणाच्या डोळ्यात पाणी दिसलं की याला वाटतं, पाऊस आपणच पाडला. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी होतो. जाळी वर होती. मी डोळ्यांनी पाहिली.”

“होय होय,” मागून कोणीतरी म्हणालं. “सगळ्यांनी पाहिली. ताठ उभी होती.”

त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्यांनी ती उभीच पाहिली होती.

ऑड्री हॅलमचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिने विल्फच्या बाहीवर हात ठेवला.

“तुम्ही फार दयाळू आहात,” ती म्हणाली. “माझं पत्र वाचून तुम्हाला वाईट वाटलं, नाही का? पण मला असं खोटं नको होतं. वडील म्हणायचे, पोरगा घाबरला असेल. मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडले. आता वाटतं, असेलही घाबरला. पंचविशीचाच तर होता.”

खरं सांगून विल्फने जे जुनं खोटं होतं तेच तिच्या गळी उतरवलं होतं. शेहेचाळीस वर्षं एकटी भावाच्या बाजूने उभी राहिलेली ही बाई त्याच्या डोळ्यांदेखत हार मानत होती, आणि वर त्याचेच आभार मानत होती.

“तो घाबरला नव्हता,” विल्फ म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला की तिला वाकावं लागलं. “तो माझ्यासमोरून गेला. सज्ज्यात उभं राहिलं की डोकं डेकच्या पातळीला येतं. दहा हातांवरून गेला, काच मागे सरकवलेली होती. विमानात इंजिनाचा दांडा वैमानिकाच्या डाव्या हाताला असतो. त्याचा डावा हात त्यावर नव्हता.”

“मग कुठे होता?”

“वर होता. असा.” विल्फने आपला डावा हात खांद्याच्या वर उचलला, पंजा उघडा, वर्गात उत्तर येत असलेल्या पोराने धरावा तसा. “का ते मला कधीच कळलं नाही. मला वाटायचं, तो मला थांब म्हणतोय. मी हे कोणाला सांगितलं नाही. लेनलाही नाही.”

तिने त्याच्या बाहीवरचा हात काढून घेतला.

ती खुर्चीत बसली. ती त्या उचललेल्या हाताकडेच बघत होती, आणि तो खाली घ्यायचा हेही विल्फला सुचलं नाही.

“सुट्टीवर आला होता तेव्हा जेवणाच्या टेबलावर करून दाखवलं होतं त्याने,” ती म्हणाली. “खूण मिळाली की डावा हात वर घ्यायचा. म्हणजे इंजिनाला हात लावायचा मोहच नको. पोरांना असंच शिकवतो म्हणाला. आई हसली होती. आम्ही तिघंच होतो टेबलावर, वडील समुद्रावर होते.”

लेनने मान खाली घातली होती. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तेव्हा त्याने रमचा पेला बाजूला सारला.

“जाळी मी वर केली,” तो टेबलक्लॉथकडे बघत म्हणाला. “नंतर. विमान गेल्यावर. लिही माझं नाव, विल्फ.”

ऑड्री हॅलमने पिशवीतून पेन काढलं आणि कच्चं पान विल्फपुढे सरकवलं. त्याने जुनी ओळ खोडली आणि तिच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, की अटकाव-जाळी खाली राहिल्याने विमान उभ्या विमानांवर आदळले, वैमानिकाची चूक नव्हती.

“कोणामुळे राहिली?” तिने विचारलं.

त्याने ‘दांड्यावरच्या खलाशाने मद्य घेतले होते’ असं लिहिलं.

“खलाशाला नाव असेल.”

त्याने आपलं नाव लिहिलं. त्याखाली लेनचंही लिहिलं. लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटेल असं तो इतकी वर्षं धरून चालला होता, आणि खरंच क्षणभर तसं वाटलंही. तिने पान घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मान हलवली. विल्फ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला काय ऐकायचं होतं हे तिलाही कळलं असावं, कारण तिने ते म्हटलं नाही.

“एकोणऐंशीची पुस्तिका,” तिने विचारलं, “तीही तुम्हीच लिहिली होतीत?”

“हो.”

“त्या वेळी तुम्हाला विचारणारं कोणी नव्हतं. मंडळ नव्हतं, तुरुंग नव्हता.”

“नव्हता,” विल्फ म्हणाला.

“वडील जाऊन आठ वर्षं झाली होती. आईने जेरोमचा फोटो माळ्यावरून खाली आणला होता, पुसून ठेवला होता, भिंतीला खिळाही मारून घेतला होता. मग कोणीतरी तिला तुमची पुस्तिका आणून दिली.” ती उठली आणि कोटाची बटणं लावू लागली. “तिने तो पुन्हा वर नेऊन ठेवला, मिस्टर टॅप्सेल. त्यानंतर ती दोनच वर्षं जगली.”